बिदागीत तूरडाळ

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक मैदान समोर आणा. चारी बाजूंनी चार जुन्या इमारती, मध्ये लाल मातीचं मैदान, आणि एप्रिलमधली संध्याकाळ. सुट्टी लागलेली आहे, पण मैदानात एकही पोर नाही. कोपऱ्यात विटांचे स्टंप रचलेले आहेत, आणि त्यांच्यावर एक मांजर निवांत बसलं आहे. माणसं सगळी गॅलऱ्यांत उभी आहेत. प्रत्येकाच्या तोंडाला फडकं. आणि खांबाला बांधलेल्या भोंग्यातून दहा वर्षांची एक मुलगी खाकरते आहे.

खाकरू नकोस, असं मी तिला रोज बजावायची. त्या वर्षी भोंग्यावर कोणी खाकरलं की समोरच्या खिडक्या धडाधड बंद व्हायच्या. आणि जुईला नेमकी तीच गंमत वाटायची.

"नमस्कार. उदयगिरी वसाहतीच्या बातम्या. वाचत आहे जुई सुधाकर घाडी, इमारत दोन, पहिला मजला."

करोनाचं पहिलं वर्ष होतं ते. विक्रोळीतली आमची वसाहत बाहेरून पत्रे ठोकून बंद केलेली. फोनवर बातम्यांचा नुसता चिखल. एकजण कळवायचा, आलं खा, काही होत नाही. दुसरा कळवायचा, आल्यानंच होतं. म्हाताऱ्याकोताऱ्यांकडे तर तसले फोनही नव्हते. म्हणून आमच्या गणेशोत्सव मंडळानं आपला भोंगा माळ्यावरून काढला. भाजीचा टेम्पो कधी येणार, कुठल्या डॉक्टरांचा दवाखाना उघडा आहे, पिठाची गिरणी चालू आहे का, ताप मोजायचं यंत्र कोणाकडे मिळेल, हे सगळं रोज संध्याकाळी त्यावरून सांगायचं ठरलं.

मी महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली. वसाहतीत सगळे मला सामंत बाई म्हणतात. मजकूर मी लिहायची. आवाज मात्र जुईचा, कारण माझा आवाज भोंग्यातून आला की मोठी माणसंसुद्धा पाढे म्हणायला उभी राहिल्यासारखी दिसायची. आमच्या गॅलऱ्या शेजारी शेजारी, मध्ये अंतर. कपडे वाळत घालायच्या काठीला चिमटा लावून मी तिच्याकडे कागद सरकवायची. माईक तिच्या गॅलरीत. त्यामुळे कागद माझा असला तरी राज्य तिचं होतं.

"भाजीचा टेम्पो उद्या सकाळी येईल. टोमॅटो आणि भेंडी मिळेल. भेंडी जून आहे. हे टेम्पोवाल्यानं कळवलेलं नाही, माझ्या आईनं कळवलं आहे."

गॅलऱ्यांतून हसू फुटायचं. मग ती आणखी चढायची.

"मास्क नाकावर लावावा, हनुवटीवर लावू नये. आज सकाळी रेडकर काकांनी तो हनुवटीवर लावला होता. त्यांच्या हनुवटीला खोकला झालेला नाही."

रेडकर म्हणजे आमच्या वसाहतीचे सेक्रेटरी आणि मंडळाचे अध्यक्षही. ते खाली येऊन उभे राहिले.

"बाई, हे तुम्ही लिहून दिलंत?"

"हनुवटीपर्यंत माझं आहे," मी म्हटलं. "पुढचं निवेदिकेचं."

"निवेदिकाबाई, उद्यापासून कागदावर असेल तेवढंच वाचायचं."

"हो काका," जुई म्हणाली. "काका, मास्क."

रेडकरांनी हनुवटीवरचा मास्क नाकावर ओढला, आणि आपण ओढला याचाच त्यांना जास्त राग आला.

माणूस तसा वाईट नव्हता. उलट फार चोख होता. मंडळाची एक जुनी पद्धत होती. गणपतीत कोणी काही दिलं की ते तिथल्या तिथे भोंग्यावर पुकारायचं. "इमारत तीनचे श्रीयुत साने यांजकडून नारळाचं पोतं. मंडळ आभारी आहे." आणि मंडळानं कोणाला काही दिलं तर तेही पुकारायचं. मांडववाल्याला काय दिलं, फुलवाल्याला काय दिलं, सगळं उघड. रेडकर म्हणायचे, "भोंग्यावर आलं की कोणाच्या पोटात दुखत नाही." त्यांच्यावर आजवर कोणी बोट ठेवलं नव्हतं ते याच पद्धतीमुळे.

त्या एप्रिलमध्ये मंडळानं शिधा गोळा केला. ज्यांच्या नोकऱ्या चालू होत्या त्यांनी तांदूळ, डाळी, तेल आणून दिलं. मंडळाच्या खोलीत पिशव्या भरून तयार झाल्या. ज्याला गरज असेल त्यानं यावं आणि न्यावं. पिशव्या बांधायला आणि म्हाताऱ्यांच्या दारापर्यंत पोचवायला जुईचा बाबा सुधाकर सगळ्यांत पुढे. तो शाळेची बस चालवायचा. शाळा बंद, बस उभी, तेव्हा हात मोकळे आहेत, असं म्हणून दिवसभर राबायचा.

आणि संध्याकाळी रेडकरांनी माझ्या हातात नावं दिली. शिधा देणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांचीही.

"घेणाऱ्यांची कशाला?" मी विचारलं.

"पद्धत आहे बाई. आज मी मोडली, तर उद्या लोक म्हणतील रेडकरानं पिशव्या मेहुण्याकडे पाठवल्या."

"रेडकर, फुलवाल्याचं नाव पुकारणं वेगळं."

"मंडळाला सगळे सारखे," ते म्हणाले, आणि हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की माझं पुढचं त्यांनी ऐकलंच नाही. मी काठीला कागद लावलाच नाही, तर त्यांनी खालूनच नावं सांगितली आणि जुईनं त्यांच्यामागून एकेक म्हटलं. तिला काय ठाऊक.

"इमारत चार, श्रीयुत काशिनाथ अवघडे. तांदूळ, मसूर, तेल. इमारत एक, श्रीमती शेवंता कदम. तांदूळ, मसूर, तेल. इमारत तीन, याकूब रिक्षावाले..."

काशिनाथ अवघडे आमच्या अगदी समोर राहायचे. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे; सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. एरवी एप्रिल-मे म्हणजे त्यांचा सुगीचा हंगाम. लाल कोट घालून, झुपकेदार टोपी काखेत मारून ते निघाले की पोरं मागे लागायची. त्या वर्षी लग्नंच बंद. कोट गॅलरीत दोरीवर लटकत होता.

त्यांचं नाव पुकारलं गेलं तेव्हा ते गॅलरीत उभे होते. त्यांनी दोरीवरचा कोट काढला, घरात गेले आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाच्या खोलीच्या पायरीवर त्यांची पिशवी होती. गाठसुद्धा सोडलेली नव्हती. शेजारी आणखी दोन पिशव्या. शेवंताबाईंची आणि याकूबची. त्यानंतर शिधा न्यायला कोणी फिरकेना. खोलीत पिशव्या तशाच रचलेल्या.

रेडकर मात्र खुशीत. माझ्या गॅलरीखाली येऊन म्हणाले, "बघितलंत बाई? वसाहतीतली गरज संपली. उद्या सकाळी टेम्पो बोलावलाय. सगळा शिधा पुलापलीकडच्या वस्तीत पाठवून देतो. तसं आज बातम्यांत घ्या."

ते गेले. जुई आपल्या गॅलरीच्या कठड्यावर हनुवटी टेकून समोर बघत होती.

"बाई, अवघडे आजोबांकडे खरंच गरज संपली?"

"तुला काय वाटतं?"

"तुम्ही नेहमी असंच करता. मी विचारलं की मलाच विचारता."

"सवय आहे. बोल."

"काल दुपारी त्यांच्या घरच्या इंदूआजी गॅलरीत पाण्यात बिस्किट बुडवून आजोबांना देत होत्या. ते खात नव्हते. मग दोघं भांडले, तू खा, तू खा. मी इथून बघत होते." मग ती म्हणाली, "बाई, मी नाव वाचलं म्हणून ते जेवत नाहीत का?"

"तुझ्या वाचण्याचा दोष नाही. पण मास्तरांना असं घ्यायची सवय नाही. ते वाजवून घेतात."

"म्हणजे पगार?"

"पगार नाही. वाजवणाऱ्याला, गाणाऱ्याला त्याच्या कलेबद्दल देतात तिला बिदागी म्हणतात."

"ती दान असते?"

"छे. दान देणारा ठरवतो. बिदागी घेणारा ठरवतो. कमी वाटली तर भांडून घेतो. साने काकांच्या मुलीच्या वरातीत मास्तर घोड्यापुढे ठाण मांडून बसले होते. बिदागी वाढवल्याशिवाय घोडा हलू दिला नाही."

जुईला हे फार आवडलं. घोडा कुठल्या रंगाचा होता तेही तिनं विचारून घेतलं. मग बराच वेळ गप्प. जुई गप्प बसली की मला धास्ती वाटायची. वर्गातही असंच असतं, गोंगाटाची भीती नसते.

संध्याकाळी मी काठीला कागद लावला. त्यावर टेम्पोची बातमी मी लिहिली नव्हती. म्हटलं, रेडकरांशी रात्री एकदा बोलून बघू. जुईनं कागद घेतला, घडी घातली, आणि त्यावर बसली.

"नमस्कार. उदयगिरी वसाहतीच्या बातम्या. आज पद्धतीप्रमाणे, वसाहतीत ज्यांना मदत हवी आहे अशा सगळ्या कुटुंबांची नावं."

खाली रेडकर मान डोलावत होते. पद्धत म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं असावं.

"इमारत एक, श्रीयुत रेडकर. यांना केस कापून हवे आहेत. काकूंनी डोक्यावर वाटी ठेवून एक बाजू कापली आहे. दुसऱ्या बाजूच्या वेळी वाटी सरकली. म्हणून काका घरातही टोपी घालतात."

मग कुठून तरी रेडकर काकूंचाच हसण्याचा आवाज आला.

"जुई," रेडकर खालून ओरडले.

"इमारत तीन, श्रीयुत साने, इंजिनिअर. यांची पोळी गोल होत नाही. काल झालेली पोळी त्यांनी खिडकीतून कावळ्याला घातली. कावळ्यानं परत आणून ठेवली. ज्यांना पोळी येते त्यांनी खिडकीतून शिकवावं."

"अगं, एकदाच झालं ते," साने तिसऱ्या मजल्यावरून म्हणाले.

"इमारत दोन, सामंत बाई. यांना सुईत दोरा ओवून हवा असतो. रोज मला काठीवरून सुई पाठवतात आणि म्हणतात, बघू, तुझे डोळे चांगले आहेत का."

मी आत जायला वळले होते, पण सगळी वसाहत माझ्याकडे बघत होती. तेव्हा तिथेच उभी राहिले, आणि नमस्कार केला. दुसरं काय करणार.

"माईक बंद कर," रेडकर म्हणाले. "सुधाकर, अरे तुझी मुलगी. आवर तिला."

सुधाकर मंडळाच्या खोलीच्या दारात पिशव्या उचलत होता. त्यानं वर बघितलं आणि हळूच म्हटलं, "जुई, पुरे बाळा."

"संपलंच बाबा. शेवटची बातमी. संपूर्ण उदयगिरी वसाहतीला मदत हवी आहे. सगळे फार कंटाळले आहेत. वाजवणारा पाहिजे. शिध्याच्या रूपात बिदागी मिळेल. बिदागी वाजवणाऱ्यानं ठरवायची आहे. मंडळानं आजपर्यंत कुठल्याही बँडची बिदागी बुडवलेली नाही. बातम्या संपल्या."

आणि ती खाकरली. या वेळी एकही खिडकी बंद झाली नाही. सगळे समोरच्या पहिल्या मजल्यावरच्या बंद दाराकडे बघत होते.

दार उघडेना. रेडकर टोपी सावरत म्हणाले, "झाला एवढा चावटपणा पुरे. बाई, उद्या टेम्पो..."

तेवढ्यात कडी वाजली. मास्तर बाहेर आले. मास्क लावलेला, अंगात लाल कोट, बटणं सगळी लावलेली. त्यांनी कठड्यावर दोन्ही हात ठेवले आणि मैदानावरून हाक मारली.

"रेडकर, कामाचं कोण बोलणार? तुम्ही की ती पोरगी?"

"मी अध्यक्ष आहे," रेडकर म्हणाले. हे बोलले आणि फसले.

"मग बोला. डाळ कसली देणार?"

"मसूर आहे."

"मसुरीवर मी बारशालासुद्धा वाजवत नाही. तूर."

"मास्तर, तूर थोडी आहे. ती..."

"मग वाजवणंही थोडं होईल. अर्धी वरात चालेल का?"

गॅलऱ्यांतून लोक पुढे झुकले. कुणीतरी म्हणालं, "रेडकर, तूर द्या हो, कंजूषपणा नको." साने म्हणाले, "माझ्या वेळी घोडा अडवला होता यांनी, मी सांगतो, ऐकणार नाहीत."

"बरं, तूर," रेडकर म्हणाले.

"आणि गूळ."

"गूळ कशाला?"

"फुंकणाऱ्याला गूळ लागतो. घसा आहे का पाइप?"

"गूळ घ्या."

"आता बँडाचं बोलू."

"कसला बँड? तुम्ही एकटे तर आहात."

मास्तरांनी वाईट वाटल्यासारखं बघितलं. "रेडकर, एकटा क्लॅरिनेटवाला वरातीत बघितलात कधी? माझी माणसं आहेत. इमारत तीनचा याकूब माझा झांजवाला."

तिसऱ्या इमारतीत याकूब गॅलरीत चहा पीत होता. त्याचा कप तसाच राहिला.

"तो रिक्षा चालवतो," रेडकर म्हणाले.

"रिक्षा सकाळी. काय रे याकूब?"

याकूबनं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "हो, संध्याकाळी झांजच."

"आणि शेवंताबाई खुळखुळा वाजवतात."

"अहो, त्या धुणीभांडी करतात."

"भांड्यांशीच तर ताल असतो, रेडकर. शेवंताबाई, येताय ना?"

"माझा खुळखुळा जरा नादुरुस्त आहे," शेवंताबाई गॅलरीतून म्हणाल्या. "डबीत हरभरे घालून चालेल का मास्तर?"

"धावेल."

आता रेडकरांनाही कळलं होतं. मला त्यांचा चेहरा दिसत होता. वर बघून, टोपीखालून घाम पुसत, पायरीवर परत आलेल्या त्या पिशव्यांकडे त्यांनी एकदा बघितलं. मग घसा साफ केला आणि नेहमीच्या अध्यक्षाच्या आवाजात म्हणाले, "ठीक आहे. मंडळ बँडाची बिदागी बुडवत नाही. पण वाजवणं चांगलं झालं पाहिजे."

"ते आधी ऐका आणि मग बोला."

मास्तरांनी मास्क खाली ओढून क्लॅरिनेट तोंडाला लावलं. इतके दिवस न वाजवल्यामुळे पहिला सूर चिरका निघाला. विटांच्या स्टंपवरचं मांजर खाली उडालं. मग दुसरा सूर निघाला, तिसरा, आणि वरात निघताना वाजवतात ती चाल मैदानभर पसरली. याकूब दोन ताटल्या एकमेकींवर आपटत होता, तालात क्वचित, बेतालात भरपूर. शेवंताबाईंची डबी खुळखुळत होती. वरच्या मजल्यांवर माणसं जागच्या जागी नाचायला लागली. रेडकर काकूंनी खालून वर बघणाऱ्या नवऱ्यावर फुलं उधळावीत तशा शेंगांच्या टरफलांच्या मुठी टाकल्या.

वाजवणं संपलं. रेडकर मंडळाच्या खोलीपाशी गेले. सुधाकर पिशव्या घेऊन उभा होता. मसूर काढून तूर घातली, गूळ घातला.

"मास्तर, बँडात माणसं किती धरू?" रेडकरांनी वर बघून विचारलं. "एकदाच सांगा. मग उद्या टेम्पो नको, मी त्याला नाही सांगतो."

मास्तर बोलण्यासाठी पुढे झाले, तेवढ्यात माझ्या शेजारच्या गॅलरीतून आवाज आला.

जुईनं माईक कठड्यावर ठेवला होता. आतून एक मोठा पत्र्याचा डबा आणून तो मांडीवर आडवा घेतला होता आणि दोन्ही हातांनी त्यावर ठोकत होती. डबा असा घुमत होता की भोंग्यातूनही तो घुमला. भरलेला डबा कधी तसा वाजत नाही.

सुधाकरनं उचललेली पिशवी खाली ठेवली. त्यानं वर बघितलं नाही.

रेडकरांनी टोपी काढली, आणि अर्धवट कापलेले केस सगळ्या वसाहतीला दिसले, पण हसलं कोणी नाही.

मास्तर कान देऊन ऐकत होते. मग त्यांनी समोरून विचारलं, "काय वाजवतेस गं पोरी?"

"डबा."

"कसला?"

"तांदळाचा."

"नाद चांगला आहे," मास्तर म्हणाले. "रेडकर, ढोलवाली सांगायची राहिली. घाडी. जुनी आहे आमच्याकडे. सुधाकर, तुझ्या घरातली पिशवी तूच ने बाबा, दुसऱ्याला जिने चढायला लावू नकोस."

सुधाकरनं मान डोलावली.

जुईनं ठोकणं थांबवलं. माझ्याकडे बघितलं, मग खाली रेडकरांच्या हातातल्या पिशवीकडे. "आजोबा," तिनं विचारलं, "एकाच माणसानं दोन वाद्यं वाजवली तर चालतं का?"

"कलाकार असला तर चालतं."

एवढं ऐकून जुई आत गेली आणि पिठाचा डबा घेऊन बाहेर आली.